समास कोरा हवा!

"कोणतं वाइड मार्जिन बायबल घेऊ रे?" हा प्रश्न गेल्या सहा महिन्यांत मला चार जणांनी विचारला. चौघेही माझ्यासारखेच. सोमवार ते शुक्रवार कुठल्यातरी क्लायंटचा कोड सांभाळायचा, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी मंडळीत, तरुण संघात नाहीतर कोणाच्या घरच्या प्रार्थनासभेत उपदेश करायचा. चौघांना मी एकच उत्तर दिलं आणि चौघांनाही ते आवडलं नाही. तेव्हा या वीकांताला एकदाचं सविस्तर टंकून टाकतो, म्हणजे पाचव्याला नुसता दुवा पाठवता येईल. :)

उत्तर असं: मराठीत उपदेश करणार असशील तर ते परदेशी इंग्रजी वाइड मार्जिन घेऊ नकोस. स्टडी बायबल तर त्याहून नको. मराठी बायबल घे. रुंद समास विकत मिळत नसेल तर करून घे.

इथे नेहमी येणाऱ्या वाचकांपैकी बरेच जण ख्रिस्ती नाहीत, त्यांच्यासाठी थोडं थांबतो. वाइड मार्जिन बायबल म्हणजे ज्याच्या पानाच्या कडेला इंच-दोन इंच जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते, वाचणाऱ्याने लिहावं म्हणून. उपदेश करणारे लोक तिथे टिपा लिहितात, संदर्भ जोडतात, कधी कुठल्या मंडळीत या वचनावर बोललो त्याची तारीख घालतात. आणि स्टडी बायबल म्हणजे याच्या बरोबर उलट: तीच जागा (आणि पानाचा खालचा भाग) विद्वानांच्या छापील टिपांनी आधीच भरलेली. दोन्ही इंग्रजीत ढिगाने मिळतात. मराठीत छापलेलं रुंद समासाचं बायबल मला आजवर एकाही दुकानात मिळालेलं नाही. एका दुकानात विचारलं तर काउंटरवरचे काका म्हणाले, "पुस्तकात लिहायचं कशाला? वही घ्या की." काकांना दोष देत नाही. शास्त्राच्या पुस्तकावर रेघ ओढणं म्हणजे अपमान, असं मानणारी पिढी आपल्याकडे सगळ्याच धर्मांत आहे.

पण अपमानाची ही कल्पना तशी जुनी नाही बरं का. आपल्याकडच्या पोथ्या बघा. मूळ मजकूर पानाच्या मध्ये ठसठशीत अक्षरात आणि टीका त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात, याला त्रिपाठ म्हणत. टीका चारी बाजूंनी आली की पंचपाठ. म्हणजे पान आखतानाच लिहिणाऱ्याने मान्य केलेलं असे की मजकुराभोवती चर्चा होणार, आणि तिला जागा लागणार. हिब्रू बायबलच्या हस्तलिखितांतही तेच. मासोरेती लेखनिकांनी समासात बारीक खुणा करून ठेवल्या: हे विचित्र रूप सबंध शास्त्रात इतक्या वेळा येतं, वगैरे. कशासाठी? तर पुढच्या नकल करणाऱ्याने ते चुकीचं समजून 'दुरुस्त' करू नये म्हणून. हापिसात जुन्या कोडमध्ये 'हे मुद्दाम असंच आहे, हात लावू नका' अशी कॉमेंट सापडते ना, अगदी तस्सं. फरक इतकाच की ती कॉमेंट हजार वर्षं टिकली.

तर समास ही काही सजावटीची जागा नाही, आणि म्हणूनच तिच्यावरून भांडणं झाली आहेत. १५६० साली जिनिव्हातून इंग्रजी बायबल निघालं, त्याचे समास टिपांनी गच्च भरलेले होते. निर्गमच्या पहिल्या अध्यायात मिसरचा राजा सुइणींना हुकूम देतो की इब्री बायकांना मुलगा झाला तर मारून टाका. सुइणी ऐकत नाहीत. समासातल्या टिपेत म्हटलं होतं की त्यांनी राजाज्ञा मोडली हे योग्यच केलं. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला हे कसं रुचावं! १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टला धर्मपंडितांची परिषद भरली तेव्हा त्याने या टिपांवर जाहीर टीका केली, आणि पुढे १६११ ला जे भाषांतर निघालं त्याच्या भाषांतरकारांना नियमच घालून दिला: समासात हिब्रू-ग्रीक शब्दांचं आवश्यक तेवढं स्पष्टीकरण आणि संदर्भ, बाकी काही नाही. मजकूर दोन्हीकडे साधारण तोच. राजाला भीती होती ती पानाच्या कडेची.

आता राजाचा हेतू काही उदात्त नव्हता. पण त्या नियमाने एक चांगली गोष्ट झाली, समास बराचसा वाचकाकडे परत आला. तीनशे वर्षांनी, १९०९ मध्ये, स्कोफील्डचं संदर्भ बायबल निघालं आणि तो पुन्हा वाचकाच्या हातून गेला. एका माणसाची शेवटच्या काळाबद्दलची सबंध मतप्रणाली पवित्र वचनांच्या शेजारी, त्याच पानावर छापून आली, आणि अमेरिकेतल्या मंडळ्यांत ती इतकी मुरली की शास्त्र कुठे संपतं आणि स्कोफील्ड कुठे सुरू होतो हे वेगळं करणं अनेकांना जड जाऊ लागलं. ही मतं तिथून मिशनऱ्यांच्या पेट्यांतून, मग पुस्तकांतून, आता व्हिडिओंतून आपल्यापर्यंत आली. तुमच्या मंडळीत कोणी सात युगांचा तक्ता काढून दाखवला असेल तर त्याला विचारा, हा तक्ता बायबलच्या कुठल्या पानावर आहे? तो पान शोधत बसेल.

माझा स्टडी बायबलवर राग आहे तो एवढ्यासाठी. त्यातल्या टिपा चुकीच्या असतात असं माझं म्हणणं नाही, उलट बऱ्याचशा उत्तम असतात. पण डोळा वचनावरून घसरतो आणि लगेच टिपेवर जाऊन टेकतो. विचार करायला मध्ये जागाच राहत नाही. प्रश्न पडायच्या आत उत्तर हजर! शाळेत अपेक्षित प्रश्नसंच घेऊन अभ्यास केलेल्यांना हा अनुभव पटेल.

इथे नेहमीचा प्रतिवाद येतो: "मग काय, ज्याने त्याने मनाला येईल तो अर्थ लावायचा? विद्वानांच्या टिपा लगाम घालतात." मुद्दा खरा आहे. पण लगाम घालायला त्याच पानावर बसायला हवं असं कुठे आहे? भाष्यग्रंथ वेगळे असावेत, शेल्फवर असावेत, आणि आपण वचनाशी झटापट केल्यावर उघडावेत. बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली, ती वेगळं पुस्तक म्हणूनच. समासातली टीप आणि मजकूर यांची सरमिसळ झाली की काय होतं याचं उदाहरण तर खुद्द बायबलमध्ये आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तीन साक्षींबद्दलचं एक वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते आधी लॅटिन प्रतीच्या कडेला लिहिलेलं स्पष्टीकरण होतं आणि नकला करताना मजकुरात शिरलं. इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतलं नाही, त्यावर गदारोळ झाला, १५२२ मध्ये त्याने ते घातलं. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच दुखण्यावर इलाज म्हणून. वाचणाऱ्यांनी आपापल्या ओव्या आत सरकवल्या होत्या. म्हणून तर म्हणतो, टीप हाताने लिहिलेली बरी. आपलं अक्षर कोणी देवाचं समजत नाही.

असो. खरा मुद्दा पुढेच आहे.

समजा तुम्ही स्टडी बायबल टाळलं आणि एखादं सुरेख इंग्रजी वाइड मार्जिन घेतलं. केंब्रिजचं घ्या. बांधणी शिवलेली, कागद चांगला, शेवटी रेघांची कोरी पानं आणि आपली सूची आपण करावी म्हणून अक्षरवार जागा. (ही सूचीची युक्ती खरंच चोरण्यासारखी आहे.) नाहीतर क्रॉसवेचं जर्नलिंग बायबल, कडेला दोन इंच आणि त्यात रेघा मारलेल्या. बकरीच्या कातड्याच्या बांधणीत गेलात तर किंमत सहज दहा हजारांच्या वर. हे सगळं घेऊन तुम्ही रात्री टेबलाशी बसता. मजकूर इंग्रजी, म्हणून टीपही इंग्रजीत सुचते. तीन महिने असं चालतं. मग तिसऱ्या रविवारी तुम्ही पुलपिटावर उभे राहता आणि तोंडातून जे बाहेर पडतं ते असं:

"ही व्हर्स आपल्याला रिमाइंड करते की गॉडचा ग्रेस सफिशियंट आहे, अँड दॅट्स व्हाय आपण आपल्या कम्फर्ट झोनमधून बाहेर पडायला हवं."

हसू नका, हे रोज होतंय. तिसऱ्या बाकावर नगर जिल्ह्यातून मुलाकडे राहायला आलेली एक आजी बसलेली असते. तिला अर्धं बायबल पाठ आहे. 'कृपा' म्हणाला असतात तर तिच्या मनात पन्नास वर्षांची गाणी आणि प्रार्थना जाग्या झाल्या असत्या. 'ग्रेस' म्हणालात, ती पदर सावरून बसली आणि छताच्या पंख्याकडे बघू लागली. आणि तिच्या शेजारी बसलेला तिचा नातू, ज्याच्यासाठी तुम्ही हे इंग्रजी पेरलंत, त्याला यापेक्षा चांगलं इंग्रजी प्रवचन फोनवर ऐकायला मिळतंच. तो तुमच्याकडे कशाला येईल?

मराठी उपदेश मरतोय अशी हळहळ आमच्या वडीलधाऱ्या मंडळींत नेहमी ऐकू येते. (मंडळी म्हणजे चर्च आणि मंडळी म्हणजे लोक, दोन्ही अर्थ घ्या.) इलाज म्हणून भाषेवर भाषणं होतात, स्पर्धा होतात. माझं म्हणणं असं की रोग पुलपिटावर नाहीच. तो शनिवारी रात्री टेबलावर सुरू होतो, तुम्ही ज्या समासात लिहिता त्या समासात. उपदेश तिथे ज्या भाषेत जन्मला, रविवारी त्याच भाषेत बोलणार.

आणि प्रश्न नुसत्या शब्दांचाही नाही. इंग्रजी पानाला जे प्रश्न पडतात ते मराठी ऐकणाऱ्याचे प्रश्नच नसतात. चार उदाहरणं देतो.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक होते आणि रविवारी उपदेश करायचे. त्यांचं बायबल आता माझ्याकडे आहे. समास कसला, जेमतेम करंगळीच्या रुंदीचा, पण त्यांनी तोही सोडलेला नाही. जिथे जागा संपली तिथे कागदाची चिठोरी सुईदोऱ्याने पानाच्या कडेला टाचलेली आहेत. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात, पेरणाऱ्याच्या दाखल्याशेजारी, पेन्सिलीने लिहिलंय: 'पाभर नव्हे. फोकून.' बस्स, तीन शब्द. मला आधी अर्थ लागेना, मग आमच्या मोठ्या काकांनी सांगितला. दाखल्यात काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळीवर, काही काट्यांत. नगरकडचा शेतकरी पाभरीने पेरतो, सरीत बी नेमकं पडतं. तो हा दाखला ऐकून मनात म्हणतो, वाटेवर बियाणं सांडणारा कसला हा शेतकरी! आणि पुढचा सगळा उपदेश त्या एका शंकेत वाया जातो. म्हणून आधी सांगायचं की तिकडे मुठीने बी फेकून, म्हणजे फोकून, पेरत. जगातल्या कुठल्या स्टडी बायबलमध्ये ही टीप मिळेल? मिळणारच नाही, कारण अमेरिकेतल्या विद्वानाला पाभर माहीत नाही आणि पाभरवाल्याची शंकाही.

दुसरं, पाऊस. याकोबाच्या पत्रात शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो, अनुवादात आणि योएलातही हे दोन पाऊस येतात. मराठी माणसाच्या डोक्यात लगेच मृग ते परतीचा पाऊस उभा राहतो. पण पॅलेस्टाइनचा पाऊस हिवाळी: पहिला ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीआधी जमीन मऊ करणारा, आणि शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरवणारा. आपला उन्हाळा सुरू होतो तेव्हा त्यांचा 'शेवटचा' पाऊस पडतो. म्हणजे ती वाट पाहणं सबंध हंगामाचं आहे, पेरल्यापासून कणीस पिकेपर्यंत. हे समासात एका ओळीत बसतं, आणि ते कळल्यावर धीर धरण्यावरचा उपदेश वेगळाच होतो.

तिसरं, मेंढपाळ. तेविसाव्या स्तोत्रावर इंग्रजी पुस्तकं काठी आणि आकडी यांची पानंच्या पानं वर्णनं देतात. आपल्याकडे तर पावसाळा सरला की धनगरांचे वाडे रस्त्याने जाताना दिसतात, पुण्याच्या बाहेरच्या रिंगरस्त्यालाही. शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेतो आणि धनगराला धान्य किंवा पैसे देतो. मेंढपाळ दुसऱ्याच्या रानात रात्र काढतो, कुत्रं आणि कंदील घेऊन जागतो. माझ्या समासात एवढंच आहे: 'वाड्यावर रात्रभर जागणारा'. ऐकणाऱ्यांनी तो माणूस पाहिलेला असतो, मला इस्राएलचा नकाशा काढावा लागत नाही.

आणि चौथं सगळ्यांत अवघड. रोमकरांस पत्रात 'नीतिमान ठरवणे' हा शब्दप्रयोग सारखा येतो. इंग्रजीत तिथे कोर्टातला शब्द आहे, न्यायाधीशाने निर्दोष जाहीर करणं. मराठीत 'नीतिमान' म्हटलं की कान 'नीती' ऐकतो: सदाचारी, दारू न पिणारा, वेळेवर उपासनेला येणारा. म्हणजे पौलाला जे सांगायचंय त्याच्या नेमकं उलट! पौल म्हणतोय की आपल्या सदाचाराने हे होत नाही, आणि शब्दच सदाचाराचा. मराठीत रोमकरांस पत्रावर बोलणाऱ्याला दर वेळी ही गाठ सोडवावी लागते. इंग्रजी समासात ही टीप कधी येणारच नाही, कारण तिथे ती गाठच नाही. तुम्ही वर्षभर इंग्रजी बायबलवर मेहनत कराल आणि तुमच्या ऐकणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज तुम्हाला दिसणारही नाही.

पंडिता रमाबाईंना शब्दांच्या या ओझ्याची पुरेपूर जाणीव होती. केडगावला बसून त्यांनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून, आणि संस्कृत तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द शक्यतो टाळले. मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायका काम करत. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ ला पूर्ण झालं. मी उपदेशाच्या तयारीला नेहमीचं बायबल आणि रमाबाईंचं भाषांतर शेजारी ठेवतो. दोन मराठी भाषांतरं जिथे वेगळी बोलतात, तिथे समासात खूण करायची. निम्मे उपदेश तिथेच सापडतात.

"एवढं सगळं ॲपमध्ये होतं की!" होतं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच लिहितो, मला त्याचं वावडं नाही. शब्द शोधायला, चार भाषांतरं ताडून बघायला फोनसारखं साधन नाही. पण टिपांसाठी नको. आमच्या संघातल्या एका मित्राच्या चार वर्षांच्या टिपा एका ॲपच्या नव्या आवृत्तीबरोबर गायब झाल्या, आणि मदतकेंद्राने त्याला फोन बंद करून चालू करायला सांगितलं. टाचलेली चिठोरी साठ वर्षांनी मला वाचता येतात. यावर जास्त लिहीत नाही.

आता करायचं काय ते. परदेशी नमुन्यांच्या मागे लागण्यात एक तांत्रिक घोटाळाही आहे, तो आधी सांगतो. मी पट्टी घेऊन मोजलं: माझ्या बारीक इंग्रजी अक्षराला ओळीला चार मिलिमीटर पुरतात. देवनागरीला सहा लागतात, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. क्रॉसवेच्या छापील रेघांत मराठी लिहून बघा, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. इंचभर समासात माझे मराठीत तीनच शब्द मावतात. (आजोबांचे 'पाभर नव्हे. फोकून.' बरोब्बर बसले असते.) शिवाय रुंद समास देण्यासाठी बहुतेक ठिकाणी टाइप बारीक केलेला असतो. इंग्रजीत ते एक वेळ चालतं, देवनागरी तेवढ्याच पॉइंटला आणखी बारीक दिसते, आणि पुलपिटावर पुस्तक डोळ्यांपासून दोन फूट लांब असतं.

म्हणून देवनागरीला समासापेक्षा मधली कोरी पानं बरी. जोनाथन एडवर्ड्सने हेच केलं होतं. १७३० मध्ये त्याच्या मेव्हण्याने त्याला एक छोटं बायबल दिलं, सगळं उसवून प्रत्येक पानाआड मोठं कोरं पान घालून पुन्हा बांधलेलं. त्याने त्यात पुढची जवळपास तीस वर्षं साडेपाच हजारांच्या आसपास टिपा लिहिल्या. ते पुस्तक येल विद्यापीठात जपून ठेवलंय, 'ब्लँक बायबल' म्हणून प्रसिद्ध आहे.

आपल्याला यासाठी येलला जायला नको. अप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूच्या पेठांत अजून बाइंडर आहेत. पण सबंध बायबल घेऊन जाऊ नका. हिशेब करा: चौदाशे पानं धरली तर सातशे पत्रं, आणि प्रत्येकाआड एक झेरॉक्सचा कागद, साधारण ०.१ मिलिमीटरचा. म्हणजे सात सेंटिमीटर जाडी नुसती वाढली. ती वीट होईल. त्याऐवजी नवा करार वेगळा मिळतो तो घ्या, काही शे रुपयांत काम होतं. साडेचारशे पानं धरलीत तर वाढ सव्वादोन सेंटिमीटर, हातात मावतं. घेताना पुस्तक अर्धवट उघडून पाठीकडून बघा. पानांच्या घड्यांचे गट आणि मध्ये दोरा दिसला तर जुजबांधणी आहे, ते घ्या. नुसता गोंद दिसला तर सोडा. बाइंडर जुज उसवतो, प्रत्येक घडीत एक कोरी घडी बसवतो, पुन्हा शिवतो, कापडी पुठ्ठा चढवतो. पाठ दोऱ्याने आणि कागदाने फुगते, ती थोडी फुगणारच, त्याला घाई करू नका. मला आठ दिवस लागले आणि जेवणाच्या एका बऱ्यापैकी पार्टीएवढा खर्च आला.

प्रकाशकांनाही एक गोष्ट सुचवतो, कोणी वाचत असेल तर. सबंध बायबल नको, एकेक पुस्तक वेगळं छापा. रोमकरांस पत्र, मार्क, स्तोत्रसंहिता. डाव्या पानावर मोठ्या टाइपात मजकूर, उजवं पान कोरं, बिनरेघांचं. १५१३ साली विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथरला स्तोत्रांवर व्याख्यानं द्यायची होती तेव्हा त्याने तिथल्या मुद्रकाकडून विद्यार्थ्यांसाठी खास स्तोत्रसंहिता छापून घेतली: रुंद समास, आणि दोन ओळींमध्येही भरपूर जागा. त्याची स्वतःची प्रत त्याच्या बारीक अक्षरासकट जर्मनीत वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात आहे. तेव्हा खिळे जुळवून छापत. आता पन्नास प्रती सुद्धा डिजिटल छपाईवर निघतात. आणि रमाबाईंच्या भाषांतराच्या कॉपीराइटची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे सुरुवात तिथून करायला कोणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. आमच्या तरुण संघापुरती मार्कच्या शुभवर्तमानाची मांडणी मी सुरू केली आहे, नऊ अध्याय टंकून झालेत. कोणाला मुद्रितं तपासायला मदत करायची असेल तर कळवा. रमाबाईंचं मराठी वाचायची सवय हवी, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चीड.

ता.क. पेनांबद्दल सगळे विचारतात म्हणून: बायबलच्या पातळ कागदावर जेल पेन आणि हायलायटर अजिबात नको, शाई मागे उतरते. बॉलपेनने पलीकडे वळ उठतात. पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन चालतं, पण आधी मागच्या कोऱ्या पानावर करून बघा. मी स्वतः ०.५ ची पेन्सिल वापरतो आणि प्रत्येक टिपेखाली तारीख घालतो. जुनी टीप पुसत नाही, खाली नवी लिहितो.